हाताची सालटी ओढू नकोस

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी नागपुरात महालात राहते. वय २६. घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते. तीन वर्षं झाली, माझ्या दोन्ही तळहातांची सालटी निघतात. उन्हाळ्यात सुरू होतं, मध्ये थांबतं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा येतं. आधी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतात, कातडीखाली हवा भरल्यासारखे. मग ते फुटतात, गोल कड उरते आणि ती पसरत जाते. खाज नाही, पाणी नाही, दुखतही नाही. पण रेशमी साडी हातात घेतली की धागा अडकतो. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. साखरपुड्यात होणाऱ्या चुलतसासूबाईंनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अव माय, हे तं सापाच्या कातीवानी निघून राह्यलं!" तेव्हापासून मावशी म्हणते सर्पदोष आहे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करा. शेजारच्या काकूंना कुष्ठाची शंका आहे. मी संत्र्याच्या सालीची पूड, लिंबू-साखर, वज्री, सगळं घासून पाहिलं. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, ती लावली की चार दिवस बरं वाटतं. रात्री टीव्ही बघता बघता सालटी ओढायची सवय लागली आहे आणि लोकांत हात पदराखाली ठेवायची. हे काहून होते? दुसऱ्याला लागेल का? मेंदी चढेल का? आणि तिकडच्या लोकांना काय सांगू?
– एक वाचक, महाल

उत्तर :

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘हात पदराखाली ठेवायची’ या शब्दांपाशी थांबले. जिचं पोट हातांच्या कसबावर चालतं, तिने तेच हात लपवावेत, हे मला फार लागलं. म्हणून मेंदीचं नंतर. आधी काकूंची शंका काढून टाकू.

कुष्ठात तळहाताची अशी गोल गोल सालटी निघत नाहीत. त्या आजारात अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो आणि त्या चट्ट्यावर बधिरपणा असतो. टोचलेलं कळत नाही, गरम-गार कळत नाही. तुला तर रेशमाचा एक धागा अडकलेला कळतो! वरोऱ्याचं आनंदवन आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी केली, त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. तरीही हातावर काही दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द तोच निघतो आणि कुजबुजतच निघतो, याचं मला वाईट वाटतं. आणि समजा तो आजार असता, तरी त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचाराने माणूस पूर्ण बरा होतो. काकूंना हेही सांग. कोड म्हणशील, तर त्यात कातडीचा रंग जातो, सालटी निघत नाहीत.

आता कातीकडे येते. चुलतसासूबाई जे बोलल्या ते बोलायची जागा चुकली, वेळ चुकली, पण शब्द तितकासा चुकला नाही. कात सगळेच टाकतात. त्याही टाकतात. पुरावा हवा असेल तर त्यांना विचार, मागच्या लग्नात हातावर काढलेली मेंदी गेली कुठे?

मेंदीच्या पानात जो रंग असतो, तो कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात मुरतो आणि तिथल्या केराटिनला चिकटून बसतो. केराटिन म्हणजे ज्या द्रव्याची नखं आणि केस बनतात तेच. एकदा चिकटलेला हा रंग साबणाने निघत नाही, पाण्याने निघत नाही. मग दोन-तीन आठवड्यांत हात कोरा कसा होतो? ज्या थरात रंग बसला होता, तो थरच झडून जातो म्हणून. नवरीच्या हातावरची मेंदी फिकी होत जाते, तेव्हा ती रोज थोडी थोडी कात टाकत असते. फक्त ती इतकी बारीक असते, की अंथरुणात, पदरात, भांड्यांच्या पाण्यात कधी गेली ते कुणाला दिसत नाही.

त्वचेचा कारखाना खालून वर चालतो. अगदी तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात. खालून नव्या येत राहतात, तशा जुन्या वर ढकलल्या जातात. वर जाता जाता त्या चपट्या होतात, केराटिनने भरतात आणि मरतात. तळापासून निघून गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. सगळ्यात वरचा थर म्हणजे या मेलेल्या, चपट्या पेशींची एकावर एक रचलेली कवेलू. महालातल्या जुन्या घरांची छपरं तू पाहिली असशील, एक कवेलू दुसऱ्यावर चढवलेलं, म्हणून पाऊस आत येत नाही. तसंच हे छप्पर शरीरातलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची घाण आत येऊ देत नाही. मेलेल्या पेशींचं आहे म्हणून ते टाकाऊ समजू नकोस. आपण जिवंत आहोत ते त्याच्या जिवावर.

ही कवेलू एकमेकांना सूक्ष्म टाचण्यांनी जोडलेली असतात. पेशी वर पोचली, तिचं काम झालं, की त्वचेतलीच विकरं (एन्झाइम्स) त्या टाचण्या हळूहळू विरघळवतात आणि पेशी सुटी होऊन जाते. या कामाला ओलावा लागतो. नागपूरच्या थंडीत हवा कोरडी होते तेव्हा टाचण्या नीट सुटत नाहीत, पेशी एकेक न पडता पुंजक्यांनी पडतात, आणि पायावर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते. ती रेघ बघून आपण म्हणतो, अंग उललं.

तुझ्या हातात याच्या उलट घडत असावं, असं तुझ्या वर्णनावरून वाटतं. टाचण्या वेळेआधी सुटतात, आणि त्याही छपराच्या मधल्याच थरात. वरचा थर उचलला जातो, खाली हवेची पोकळी राहते. तेच तुझे पांढरे ठिपके. म्हणून त्यात पाणी नाही, खाज नाही. ठिपका फुटला की मधलं गळतं आणि कडेची गोल चकती राहते. तळहाताला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाची एकही ग्रंथी नाही. उकाड्यात घाम येतो, वाळतो, पुन्हा येतो, त्यावर साबण. म्हणून हे उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात जोर करतं. याला केराटोलायसिस एक्सफोलिएटिव्हा असं लांबलचक नाव आहे. नाव घाबरवणारं असलं तरी दुखणं गरीब आहे. ते कुणाला लागत नाही, आत उतरत नाही, डाग ठेवत नाही. एक खेप दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरी होते. मात्र पुन्हा पुन्हा येतं, हे खरं. काही वर्षांनी बऱ्याच जणांचं आपसूक थांबतं.

हे मी पत्रावरून लिहिते आहे, हात न बघता. त्यामुळे एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचंच आहे. त्याचं पुढे सांगते.

आता मावशीच्या सापाबद्दल. माझं लहानपण जुन्या शुक्रवारीत गेलं. आमच्या परसात सरपणाचा ढीग होता आणि त्याला लागून पेरूचं झाड. एका श्रावणात त्या ढिगात मला अख्खी कात सापडली, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आजीने मला मागे ओढलं, काठीने ती कात उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "डोळे पाह्य त्याचे." डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक गोल टिकल्या होत्या, घड्याळाच्या काचेसारख्या. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. ती कात आतली बाहेर झालेली होती, घाईत काढलेल्या मोज्यासारखी. मी त्वचेची डॉक्टर झाले, त्याची सुरुवात माझ्या मते त्या ओट्यावर झाली.

पुढे सर्पमित्रांकडून बरंच कळलं. कात टाकायच्या काही दिवस आधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात, कारण जुन्या आणि नव्या थराच्या मध्ये एक द्रव भरतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. तो दडून बसतो, चिडका होतो, खात नाही. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर तो तोंडाचं टोक दगडावर, खोडावर घासतो, ओठापाशी फट पाडतो आणि पुढे सरकत जुन्या कातीतून बाहेर येतो. म्हणजे आत नवी कातडी पूर्ण तयार झाल्याशिवाय जुनी सुटतच नाही. हवा फार कोरडी असली तर कात अडकते, तुकड्यांनी निघते. पकडलेल्या सापाची कात अशी अडकली तर जाणकार माणूस ती ओढत नाही. तो सापाला ओलसर कापडात ठेवतो आणि वाट बघतो. विशेषतः डोळ्यावरची टिकली जबरदस्तीने काढली तर डोळाच जातो.

आपली भाषाही बघ. ‘नागपूरने कात टाकली’ असं वर्तमानपत्रात आलं की आपण अभिमानाने वाचतो. तीच कात एका मुलीच्या तळहातावर दिसली की तिला दोष म्हणायचं, हे मला पटत नाही. आपल्या गावातून नाग नदी वाहते, गावाचं नाव तिच्यावरून, नागपंचमीला आपण पाटावर नाग काढून पूजतो. तो नाग एका शिवणकाम करणाऱ्या पोरीच्या हातावर राग काढेल, असं मावशीला खरंच वाटतं का? पूजा करायची तर करा. देवाला जाण्यात काही वाईट नाही, मन शांत होत असेल तर जरूर जा. पण कर्ज काढून, लग्नाच्या पैशाला हात लावून, हात बरा होईल म्हणून नागबळी करू नका. विकरांना त्यातलं काही कळत नाही. आणि दोषाचा शिक्का एकदा बसला की पुढे मूल रडलं तरी त्याचं खापर तुझ्यावर फोडतील. त्या वाटेवर पहिलं पाऊलच टाकू नकोस.

पेरूच्या झाडाकडे वळते, कारण तुझ्या रात्रीच्या सवयीबद्दल मला जे सांगायचं आहे ते मी त्या झाडाकडून शिकले. पेरूची साल पातळ, तांबूस पापुद्र्यांनी सुटते आणि खाली हिरवट, गुळगुळीत खोड दिसतं. आतून खोड जाड होत जातं, बाहेरची मेलेली साल ताणली जात नाही, म्हणून ती फुटते आणि गळते. कधी पेंचला गेलीस तर कुलूचं झाड बघ. कागदासारखी साल टाकून टाकून त्याचं खोड इतकं पांढरंफटक होतं, की चांदण्या रात्री बघणारा दचकतो. तर आमच्या पेरूचे सुटलेले पापुद्रे ओढायचा मला नाद होता. सुटलेला भाग अलगद यायचा. पण मी तिथे थांबायची नाही, पुढे ओढत जायची, आणि जिथे साल अजून खोडाला धरून होती तिथे ओलं, हिरवं उघडं पडायचं. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्या. आजीने एकदा माझ्या हातावर चापट मारली होती. ती चापट मी आज तुला पोचती करते.

तू सालटं ओढतेस, तेव्हा त्याची सैल कड नुसती निघत नाही. ती आपल्याबरोबर शेजारची, अजून न पिकलेली कातडी घेऊन येते. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. आपल्या नागपुरी संत्र्याची ख्यातीच सैल सालीची. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेलं संत्रं सोलायला अंगठा पुरतो, साल आपणच सुटून येते. पण हिरव्या संत्र्याची साल ओढून बघ. पांढरी जाळी फोडीला धरून बसते, फोड फाटते आणि रस मनगटावर ओघळतो. तुझ्या तळहाताचं रोज रात्री तेच होतं. उघडी पडलेली नवी कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही, ती कोरडी पडते, आकसते, तिची कड पुन्हा उचलली जाते आणि उद्या रात्री तुला ओढायला नवी कड मिळते. तीन वर्षांत तुझ्या खेपा लांबत गेल्या असतील, तर त्यात या ओढण्याचा आणि घासण्याचा मोठा वाटा आहे.

म्हणून वज्री आजपासून पायाच्या टाचेपुरती. लिंबू स्वयंपाकघरात. त्वचेला थोडी आम्लता लागते, तिचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास असतो. लिंबाचा २ च्या जवळ आणि अंगाच्या साबणाच्या वडीचा ९-१०. एकदा इकडे, एकदा तिकडे असं तू तिला फेकत राहिलीस. संत्र्याच्या सालीची पूड पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, उटण्यात चिमूटभर असली तर तक्रार नाही. पण ती पूड खरखरीत असते, आणि सालीतलं सुगंधी तेल उघड्या हवेत जुनं झालं की काहींच्या त्वचेला झोंबतं. सोललेल्या हातावर ती नकोच.

हात धुवायला कोमट पाणी, कढत नको. साबण सौम्य, फेस कमी असला तरी चालेल. धुतल्यावर पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि हात किंचित ओलसर असतानाच मलम लावायचं, दोन-तीन मिनिटांच्या आत. दिवसा १० टक्के युरिया असलेलं क्रीम थोडंसं, साडीला डाग पडणार नाही इतकं. भेगा असतील तर ते चुरचुरतं, तेव्हा साधी पेट्रोलियम जेली बरी. रात्री जेवणानंतरची भांडी झाली की जेली जाडसर लावायची आणि वर सुती हातमोजे घालून झोपायचं. टीव्ही बघतानाही तेच मोजे. मोजा घातलेल्या बोटांना सालटं सापडत नाही, हा त्याचा अर्धा गुण! भांडी-कपडे करताना आत सुती, वर रबरी असे दोन मोजे, कारण नुसत्या रबरात हात घामाने भिजतो आणि तुला तर घामाचंच वावडं. सॅनिटायझरची सवय असेल तर सोड, घरी बसून शिवणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. कड फारच उभी राहिली आणि धाग्यात अडकायला लागली, तर बारीक स्वच्छ कात्रीने तेवढी कापून टाक. कात्री चालेल, ओढणं नाही.

आणि ती ट्यूब. नाव तू लिहिलं नाहीस, पण ‘लावली की चार दिवस बरं वाटतं’ या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं, त्याच्या जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध असं तिन्ही एकत्र. स्टेरॉइड योग्य आजाराला, योग्य मुदतीत, डॉक्टरच्या नजरेखाली दिलं तर ते फार उपकारक औषध आहे. मी स्वतः रोज लिहून देते. पण तुझ्या या सालट्यांना त्याचा उपयोग होत नाही. उलट महिनोन् महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, रंग जातो. आणि समजा तो नायटा किंवा गजकर्ण असेल, तर वरची लाली दबते, खाली बुरशी पसरत राहते आणि पुढे कुणालाच ओळखू येत नाही. आपल्या भागात या ट्यूबांनी बिघडवलेले गजकर्णाचे रोगी मी इतके पाहते, की कधीकधी ओपीडी संपल्यावर नुसती बसून राहते. त्यांनी पैसे खर्च केलेले असतात, काळजी घेतलेली असते, आणि त्या काळजीनेच आजार वाढवलेला असतो.

तर डॉक्टर काय बघतील? नायटा तळहातावर आला तर तो बहुधा एका हाताला असतो आणि जोडीला दोन्ही पायांना. तुझं दोन्ही हातांना सारखं आहे, हे चांगलं लक्षण. तरी सालट्याचा चुरा पोटॅशच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे आहेत का. पाच-दहा मिनिटांचं काम, दुखत नाही. सोरायसिस असेल तर त्याची सालं जाड, चंदेरी असतात. त्यात चार आठवड्यांचा प्रवास त्वचा तीन-पाच दिवसांत उरकते, म्हणून अर्धवट पेशींचे ढीग साचतात. कोपर, गुडघे, डोकं, नखं बघून तो ओळखू येतो. इसबात खाज येते आणि पाणी असलेले बारीक फोड येतात. यांतलं तुझ्या पत्रात काहीच नाही.

तुझं हे सौम्य आहे, पण हे सदर इतरही वाचतात, म्हणून दोन गोष्टी इथेच लिहून ठेवते. नवीन औषध सुरू केल्यावर, विशेषतः फिटचं, युरिक अॅसिडचं किंवा सल्फाचं, काही दिवसांत ताप आला, तोंडात-डोळ्यांत फोड आले आणि अंगाची कातडी मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटायला लागली, तर ते औषध तिथेच थांबवून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जायचं. त्यात जीव जाऊ शकतो. आणि लहान मुलाला पाच दिवसांच्या वर ताप राहिला, डोळे-ओठ लाल झाले, जीभ लाल झाली, तर बोटांच्या टोकांची सालटी निघायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं. कावासाकी नावाच्या आजारात ही सालटी उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतात आणि तोपर्यंत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा झालेली असू शकते.

आता मेंदी. तुझं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे थंडी सुरू झालेली असेल. घाम कमी झाला की तुझे ठिपकेही बहुधा कमी होतील. मात्र कोरडेपणा वाढेल. नागपूरची थंडी थोडकी पण कडक, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेव्हा ऊन उतरलं म्हणून मोजे आणि जेली सोडू नकोस. मेंदीच्या आदल्या रात्रीपर्यंत जेली लाव, मेंदीच्या दिवशी सकाळी हात सौम्य साबणाने धुऊन कोरडे ठेव, कारण तेलकट हातावर रंग धरत नाही. मेंदी खरवडून काढल्यावर दिवसभर पाणी टाळ. रंग पहिल्या दिवशी नारिंगी दिसेल, दोन दिवसांत गडद होईल. जिथे नुकतंच सालटं गेलं असेल तिथे छप्पर पातळ असतं, तिथे रंग फिका बसेल. हे मी लपवत नाही. मेंदी काढणारीला आधी दाखव. मधोमध मोठा मोर किंवा कलश न काढता भरगच्च बारीक जाळी काढली तर फिके भाग उठून दिसत नाहीत. बोटांवर रंग चांगला चढतो. हाताच्या पाठीवर तळहाताइतका गडद कधीच येत नाही, कारण तिथली कातडी पातळ, तेव्हा त्याची तुलना करत बसू नकोस.

काळी मेंदी मात्र अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतोच. झटपट काळा येणाऱ्या कोनात केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असतं, त्याने धड कातडीवरसुद्धा फोड उठतात, नक्षीच्या रेघेबरहुकूम. तुझ्या हातावर तर विषाची परीक्षा नको. साध्या मेंदीचासुद्धा एक ठिपका आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

सासरी काय सांगायचं? आहे ते, आणि लग्नाआधी. पण सगळ्या बैठकीला नाही. आधी ज्याच्याशी लग्न करते आहेस त्याला. त्याला म्हण, "माझ्या हाताची सालटी निघतात, डॉक्टरला दाखवायला चालले, तूही ये." तो आला तर डॉक्टरच्या तोंडून त्याच्याही कानावर पडेल की हे लागत नाही. मग घरच्यांना तो सांगेल, आणि चुलतसासूबाईंना त्याच्या तोंडून ऐकणं जास्त पटेल, आपल्याकडची रीत तशीच आहे. तो आला नाही तरी तू जाऊन ये, चिठ्ठी घरी आण आणि होणाऱ्या सासूबाईंना स्वतः दाखव. त्यांनी साखरपुड्यात काहीच बोललं नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. न बोलणाऱ्या माणसाला विचारायची संधी द्यावी. हात पदराखाली ठेवून दिलेली माहिती कुणाला खरी वाटत नाही, तेव्हा तळहात उघडा करूनच बोल.

मेयो रुग्णालय तुला महालातून जवळ आहे. मेडिकललाही, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही, त्वचारोग विभाग आहे. सकाळी ओपीडीची चिठ्ठी काढ. जायच्या आधी दोन दिवस हाताला काही लावू नकोस आणि सालटी काढू नकोस, तपासायला तीच लागणार आहेत. ती ट्यूब रिकामी झाली असली तरी पिशवीत टाक. तिच्यावर काय छापलं आहे ते डॉक्टरला वाचू दे.